घरच्या सुतारकारखान्यातील धूळ आणि पाइपाची निवड

घराच्या पडवीत, मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा तळमजल्यावरच्या एखाद्या खोलीत सुतारकामाचा छोटा कारखाना चालविणारी कुटुंबे आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत. कोणी आय.टी.आय.मधून कारपेंटरचा ट्रेड पूर्ण करून स्वतःचा व्यवसाय सुरू करतो, कोणी नोकरीतून निवृत्त झाल्यावर हौसेने दोन-चार यंत्रे मांडतो. प्रथम करवत मशीन येते, मग रंधा मशीन येते, पुढे सँडिंग मशीन येते. आणि हळूहळू भुसा कारखान्यातून घरात शिरू लागतो. स्वयंपाकघरातील डब्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, मुलांच्या वह्यांवर त्याचा थर बसतो. तेव्हा कोठे डस्ट कलेक्टर घेण्याचा विचार सुरू होतो.

डस्ट कलेक्टर किती हॉर्सपॉवरचा घ्यावा याची चौकशी चार ठिकाणी केली जाते. परंतु यंत्रापासून डस्ट कलेक्टरपर्यंत पाइप कोणता टाकावा, हा प्रश्न मात्र बहुधा दुकानदारावर किंवा घरात पडून असलेल्या तुकड्यांवर सोपविला जातो. आमच्या मते येथेच खरी मेख आहे. चांगला डस्ट कलेक्टर चुकीच्या पाइपामुळे निकामी ठरतो, आणि दुर्दैवाने तो निकामी ठरला आहे हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून या लेखात पाइपाची निवड कशी करावी, त्यामागचे शास्त्र काय आणि पैसे कोठे खर्चावेत व कोठे वाचवावेत, याची माहिती सभासदांसाठी व विशेषतः तंत्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एकत्रित देत आहोत.

भुसा दिसतो, धूळ दिसत नाही

लाकूड कापताना दोन प्रकारचा कचरा निघतो. पहिला म्हणजे भुसा, ढलप्या आणि रंध्याचे छिलके. हे जड असतात, लगेच जमिनीवर पडतात व झाडूने गोळा करता येतात. दुसरा म्हणजे अतिसूक्ष्म धूळ. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे ५० ते १०० मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ज्या धुळीचे कण १० मायक्रॉनपेक्षा लहान असतात, ती नाका-घशात न अडकता छातीत उतरू शकते, आणि त्याहूनही बारीक कण थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतात. अशी धूळ यंत्र बंद केल्यानंतरही बराच वेळ हवेत तरंगत राहते. नेहमीच्या उजेडात ती दिसत नाही. अंधाऱ्या शेडमध्ये टॉर्चचा झोत टाकला, म्हणजे ती किती आहे याची कल्पना येते.

ही धूळ निरुपद्रवी आहे असा समज अनेक जुन्या कारागिरांमध्ये आढळतो. ‘लाकूड हा नैसर्गिक पदार्थ आहे, त्याने काय होणार?’ असे ते म्हणतात. परंतु वैद्यकशास्त्राचा अनुभव वेगळा आहे. इंग्लंडमधील हाय विकम हे गाव खुर्च्या व फर्निचरसाठी प्रसिद्ध होते. तेथील फर्निचर कामगारांमध्ये नाकाच्या आतील भागाचा एक विरळा कर्करोग मोठ्या प्रमाणात आढळतो, हे १९६० च्या दशकात तेथील डॉक्टरांच्या लक्षात आले, आणि १९६८ मध्ये अ‍ॅचेसन, हॅडफिल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ ही माणसात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. याशिवाय सागवान आणि शिसवी लाकडाच्या धुळीने काहींच्या अंगावर पुरळ उठते, दम्याचा त्रास असलेल्यांचा त्रास वाढतो. एम.डी.एफ. कापताना लाकडाच्या तंतूंबरोबर त्यातील चिकटद्रव्याचे कणही उडतात.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १४ मध्ये असे तत्त्व घालून दिले होते की, धूळ ओढून घेणारे साधन धूळ निर्माण होते त्या जागेच्या शक्य तितके जवळ बसवावे. परंतु तो कायदा, वीज वापरणारी जागा असल्यास, दहा किंवा अधिक कामगार असतील तेथेच लागू होत असे. घरच्या शेडमध्ये बाप, मुलगा आणि एखादा मदतनीस काम करतात. तेथे तपासणीला कोणी येत नाही. त्याच शेडमध्ये संध्याकाळी घरातील स्त्रिया झाडलोट करतात, आणि खाली बसलेली बारीक धूळ झाडूने पुन्हा उडून त्यांच्याच नाकातोंडात जाते. म्हणून हे तत्त्व आपले आपणच पाळावयाचे आहे.

फुंकणे आणि ओढणे

पाइपाचा विचार करण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी एक सोपा प्रयोग करून पाहावा. पेटती मेणबत्ती हातभर अंतरावर ठेवून फुंकर मारा, ती विझते. आता त्याच अंतरावरून तोंडाने हवा आत ओढा. ज्योत हलणारसुद्धा नाही. फुंकलेली हवा झोताने सरळ पुढे जाते. ओढलेली हवा मात्र सर्व बाजूंनी थोडी थोडी येते. शोषणाऱ्या पाइपाच्या तोंडापासून पाइपाच्या व्यासाइतक्या अंतरावर गेले, तरी हवेचा वेग तोंडावरच्या वेगाच्या साधारण दहाव्या हिश्शावर आलेला असतो.

यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. एक, पाइपाचे तोंड धूळ उडते त्या जागेला भिडलेले पाहिजे. दोन, लांबवरची धूळ ओढावयाची असेल तर पुष्कळ हवा ओढली पाहिजे. भुसा उचलण्यासाठी थोडी हवा पुरते. बारीक धूळ पसरण्यापूर्वी पकडण्यासाठी त्याच्या दुपटीहून अधिक हवा लागते. हवेचे हे माप आपल्याकडे बाजारात सी.एफ.एम., म्हणजे मिनिटाला इतके घनफूट, असे सांगितले जाते. अनुभवी लोकांचा ठोकताळा असा की, करवत मशीनखालचा भुसा उचलण्यास ३५० ते ४०० सी.एफ.एम. पुरतात, परंतु बारीक धूळही पकडावयाची असल्यास ८०० च्या आसपास किंवा त्याहून अधिक धरावे लागतात.

घरातील व्हॅक्यूम क्लीनर आणि डस्ट कलेक्टर यांतील फरकही येथेच समजून घ्यावा. व्हॅक्यूम क्लीनरची ओढ जोरदार असते, पण हवा थोडी असते. म्हणून त्याला दीड इंची नळी चालते. डस्ट कलेक्टरचा पंखा पुष्कळ हवा हलवितो, पण त्याची ओढ फार नसते. घरगुती आकाराच्या यंत्रात ती साधारणपणे पाण्याच्या आठ-दहा इंच उंचीच्या स्तंभाइतकीच असते. एवढ्याशा ताकदीवर त्याला पाइप, वळणे, पिशवी या सर्वांचा अडथळा पार करावयाचा असतो. म्हणून डस्ट कलेक्टरला बारीक नळी जोडणे म्हणजे बैलगाडी पायवाटेवरून नेण्यासारखे आहे.

व्यासाचे गणित

आता मुख्य प्रश्न: पाइप किती व्यासाचा घ्यावा? यासाठी दोन नियम लक्षात ठेवावेत.

पहिला नियम वेगाचा. लाकडाचा भुसा व छिलके पाइपात न साचता वाहून जावेत यासाठी हवेचा वेग सेकंदाला सुमारे १८ ते २० मीटर असावा लागतो. वेग यापेक्षा फार कमी झाला, तर आडव्या पाइपाच्या तळाशी भुसा बसू लागतो व एक दिवस पाइप गच्च भरतो. पाइपाच्या छेदाचे क्षेत्रफळ गुणिले वेग म्हणजे हवेचे प्रमाण. हे गणित सेकंदाला २० मीटर वेग धरून केले तर पुढीलप्रमाणे उत्तरे येतात:

१०० मि.मी., म्हणजे ४ इंची पाइप: सुमारे ३३० सी.एफ.एम.
१२५ मि.मी., म्हणजे ५ इंची पाइप: सुमारे ५२० सी.एफ.एम.
१५० मि.मी., म्हणजे ६ इंची पाइप: सुमारे ७५० सी.एफ.एम.
२०० मि.मी., म्हणजे ८ इंची पाइप: सुमारे १३३० सी.एफ.एम.

व्यास दीडपट केला की हवा सव्वादोनपट होते, हे यावरून दिसेल.

दुसरा नियम घर्षणाचा. तेवढीच हवा लहान पाइपातून नेली तर घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे जी हवा ६ इंची पाइपातून सहज जाते, तीच ४ इंची पाइपातून न्यावयाची तर अडथळा सुमारे साडेसातपट होतो. घरगुती पंख्याकडे इतका जोर नसतो. परिणामी पंखा फिरत राहतो, आवाज करतो, पण हवा निम्म्याहूनही कमी होते. विशेष म्हणजे अशा वेळी मोटारीवर ताण येत नाही. उलट हवा कमी झाल्याने मोटार वीज कमी घेते. त्यामुळे मोटार गरम होत नाही, भुसाही उचलला जातो, आणि मालकाला वाटते सर्व ठीक चालले आहे. बारीक धूळ मात्र त्याच्या नाकासमोरच तरंगत असते.

डस्ट कलेक्टरच्या पाटीवर लिहिलेला सी.एफ.एम.चा आकडाही जपून वाचावा. तो आकडा बहुधा पाइप न जोडता, मोकळ्या तोंडावर मोजलेला असतो. पाइप, वळणे आणि भरत आलेली पिशवी यांनंतर हाती येणारी हवा त्याहून पुष्कळच कमी असते.

अरुंद पाइप वाईट, फाजील रुंदही वाईट

वरील विवेचनावरून कोणी म्हणेल की, मग सरळ ८ इंची पाइप टाकून मोकळे व्हावे. परंतु तसे नाही. पाइप यंत्राच्या ताकदीला शोभेल असाच असावा.

समजा, आपल्याकडे १ हॉर्सपॉवरचा लहान डस्ट कलेक्टर आहे व तो प्रत्यक्षात ३५० सी.एफ.एम. हवा देतो. त्याला ६ इंची पाइप जोडला तर पाइपातील वेग सेकंदाला साडेनऊ मीटरच्याही खाली येईल आणि भुसा वाटेतच बसेल. अशा यंत्राला लांबलचक पाइपाचे जाळे करूच नये. ते चाकांवर ठेवावे, ज्या यंत्रावर काम असेल त्याच्याजवळ ढकलत न्यावे व चार-सहा फूट लांबीच्या ४ इंची पाइपाने जोडावे. कमी भांडवल असलेल्यांना आम्ही हाच मार्ग सुचवू. यात पाइपाचा खर्च जवळजवळ नाही, आणि हवाही वाया जात नाही. मात्र एवढ्या हवेत मुख्यतः भुसाच ओढला जातो. बारीक धुळीसाठी तोंडावर मास्क आणि खिडकीत पंखा या दोन्हींची जोड हवीच.

डस्ट कलेक्टर २ किंवा ३ हॉर्सपॉवरचा असेल, तर मुख्य पाइप ६ इंची ठेवावा. येथे मात्र एक सापळा आहे. बाजारात मिळणाऱ्या २ हॉर्सपॉवरच्या अनेक डस्ट कलेक्टरांच्या तोंडावर एक दुतोंडी जोड बसविलेला असतो आणि त्याला ४ इंची दोन नळ्या लागतात. करवत मशीनचे तोंडही बहुधा ४ इंचीच असते. त्यामुळे पुष्कळ लोक मुख्य पाइप ६ इंची टाकतात, पण शेवटचा फाटा ४ इंची ठेवतात. एका वेळी एकच यंत्र चालू असते, म्हणजे सर्व हवा त्या एकाच ४ इंची फाट्यातून यावी लागते. फाट्यात वेग सेकंदाला २० मीटर असला, तर पुढे ६ इंची पाइपात तो नवांपैकी चार हिश्श्यांवर, म्हणजे सुमारे ९ मीटरवर येतो. परिणाम असा की, हवा ४ इंची पाइपाइतकीच मिळाली आणि भुसा ६ इंची पाइपात साचला. म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

म्हणून ६ इंची पाइप यंत्राच्या तोंडापर्यंत न्यावा व यंत्राचे तोंडही शक्य तेथे मोठे करून घ्यावे. प्लायवूडच्या पाटीला गोल भोक पाडून करवत मशीनच्या खोक्याला असे मोठे तोंड बसविता येते. तोंड मोठे करणे शक्य नसेल, तर खालून एक ४ इंची आणि पात्याच्या वरच्या बाजूने दुसरी लहान नळी अशी दोन तोंडे जोडावीत. पाइप निवडताना यंत्राच्या भोकाकडे न पाहता आपल्याला किती हवा हवी आहे याकडे पाहावे, हेच या सर्व लेखाचे सार होय.

कोणत्या मालाचा पाइप घ्यावा

१. पी.व्ही.सी. एस.डब्ल्यू.आर. पाइप: इमारतीच्या सांडपाण्यासाठी व पावसाच्या पाण्यासाठी वापरला जाणारा हा पाइप तालुक्याच्या गावीही मिळतो. तो ७५, ११० आणि १६० मि.मी. अशा बाहेरच्या मापात येतो. ११० चा पाइप म्हणजे आतून साधारण ४ इंच आणि १६० चा म्हणजे आतून साधारण ६ इंच. त्यात ए आणि बी असे दोन प्रकार आहेत. ए प्रकार पातळ असून पावसाच्या पाण्यासाठी व वायुनलिकेसाठी असतो. बी प्रकार जाड असून सांडपाण्यासाठी असतो. घरगुती डस्ट कलेक्टरच्या ओढीला ए प्रकारही पुरतो, पण जेथे धक्का लागण्याचा किंवा शिडी टेकण्याचा संभव असेल तेथे बी घ्यावा. आतून गुळगुळीत, हलका, आरीने कापता येणारा आणि सर्व जोड तयार मिळणारा असल्याने बहुतेक घरगुती कारखान्यांना हाच सोयीचा आहे.

२. जी.आय. पत्र्याचा पाइप: वातानुकूलन यंत्रणेची डक्ट बनविणारे कारागीर असा गोल पाइप बनवून देतात. तो जळत नाही, ऊन लागून मऊ पडत नाही, व त्याला अर्थिंग नीट करता येते. परंतु पत्रा २४ गेज किंवा त्याहून जाड असावा. गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. स्वयंपाकघराच्या धुरांड्यासाठी वापरतात तसा अगदी पातळ पत्रा घेतला आणि सर्व झडपा बंद असताना मोठा डस्ट कलेक्टर चालू झाला, तर पाइप आत चेपून जातो. पत्र्याच्या उभ्या शिवणीतून व जोडांतून हवा गळते. त्या सर्व सीलंटने बुजवाव्या लागतात. कोकणासारख्या दमट हवेत कापलेल्या कडा गंजतात, त्यांना रंग द्यावा.

३. लवचिक नळी: तारेचे वेटोळे असलेली ही नळी जोडण्यास सोपी असते, म्हणून संपूर्ण लाइन तिचीच करण्याचा मोह होतो. परंतु आतील वळ्यांमुळे तिचा अडथळा गुळगुळीत पाइपाच्या दोन ते तीन पट असतो. यंत्र हलवावे लागते तेथे शेवटची दोन-तीन फूटच ती वापरावी, व ती ताणून सरळ ठेवावी.

४. जे घेऊ नये ते: अ‍ॅल्युमिनियम फॉइलची घडीची नळी लाकडाच्या ढलपीने फाटते. बाहेरून-आतून वळ्या असलेला ड्रेनेजचा पाइप भुसा अडकवून ठेवतो. उन्हात तडकलेले जुने पाइप फुकट मिळाले तरी गळतीमुळे महाग पडतात.

वळणे, फाटे आणि झडपा

सांडपाण्याचा पाइप टाकणाऱ्या प्लंबरला जे नियम ठाऊक असतात, बहुतेक तेच येथे लागू पडतात. नव्वद अंशाचा एक आखूड बेंड सुमारे आठ-दहा फूट सरळ पाइपाइतका अडथळा करतो. म्हणून एका नव्वद अंशाच्या बेंडऐवजी पंचेचाळीस अंशाचे दोन बेंड, मध्ये वीतभर सरळ तुकडा ठेवून, वापरावेत. फाटा काढताना टी वापरू नये, वाय वापरावा, आणि वायचे तोंड हवेच्या वाहण्याच्या दिशेने झुकलेले असावे. पाइपाचे साधे टोक दुसऱ्या पाइपाच्या सॉकेटमध्ये ज्या दिशेने जाते, त्याच दिशेने हवा गेली पाहिजे. म्हणजे सॉकेट नेहमी यंत्राकडे तोंड करून राहील. उलटे बसविले तर आतील कडेवर लांब छिलके अडकतात व त्यांच्यामागे भुसा तुंबतो. जेथे तुंबण्याचा संभव असेल तेथे दार असलेला जोड बसवावा. प्लंबिंगच्या दुकानात तो ‘डोअर बेंड’ किंवा ‘डोअर टी’ या नावाने मिळतो. टी असल्यास मात्र तो सरळ लाइनच्या शेवटी, झाकण लावून, केवळ साफसफाईसाठीच ठेवावा.

सर्व जोड सॉल्व्हंटने कायमचे चिकटवू नयेत. उद्या यंत्राची जागा बदलेल, पाइप तुंबेल, तेव्हा ते सोडवावे लागतील. जोडावर बाहेरून टेप गुंडाळावी किंवा सिलिकॉन लावावे, आणि आधारासाठी एक-दोन आखूड स्क्रू मारावेत. लांब स्क्रूचे टोक आत आले तर त्यालाच भुसा अडकतो.

प्रत्येक फाट्यावर सरकती झडप असावी व काम चालू असलेल्या यंत्राचीच झडप उघडी ठेवावी. ही झडप विकत घेण्याचे कारण नाही. प्लायवूडच्या दोन पाट्या, मध्ये सरकणारा अ‍ॅक्रिलिकचा किंवा पातळ एम.डी.एफ.चा तुकडा, एवढ्यात ती घरी होते. विद्यार्थ्यांसाठी हा उत्तम प्रॅक्टिकलचा विषय आहे. सर्वांत जास्त छिलके काढणारे यंत्र, म्हणजे रंधा किंवा थिकनेस मशीन, डस्ट कलेक्टरच्या सर्वांत जवळ ठेवावे.

स्थिर वीज आणि आग

पी.व्ही.सी. पाइपातून भुसा वाहताना स्थिर वीज निर्माण होते व हात लावला असता झटका बसतो. यावरून ‘पी.व्ही.सी. वापरला तर स्फोट होतो’ अशी भीती पसरलेली आहे. वस्तुस्थिती अशी की, धुळीचा स्फोट होण्यास हवेत धुळीचे फार दाट ढग असावे लागतात. घरगुती कारखान्याच्या वाहत्या पाइपात सहसा इतकी धूळ नसते. पाइपाभोवती तांब्याची तार गुंडाळून अर्थ केल्याने सर्व वीज निघून जाते, हा समजही पूर्ण खरा नाही. पी.व्ही.सी. स्वतः विद्युतरोधक असल्याने तारेपासून दूर असलेल्या भागातील वीज तारेपर्यंत येत नाही. तारेमुळे झटके कमी होतात, एवढाच तिचा उपयोग. परंतु चालू करवतीजवळ उभ्या असलेल्या माणसाला अचानक बसलेला झटकाही धोक्याचा असतो, म्हणून तार लावणे चांगले. डस्ट कलेक्टरची मोटार व यंत्रांचे लोखंडी भाग यांना मात्र योग्य अर्थिंग असलेच पाहिजे.

आगीचा खरा धोका वेगळाच आहे. जुन्या लाकडातील खिळ्यावर करवत घासून उडालेली ठिणगी किंवा ग्राइंडरची ठिणगी पाइपातून पिशवीत जाते आणि भुशात तासन् तास धुमसत राहते. घरातील माणसे झोपल्यानंतर ती पेट घेते. म्हणून लोखंड घासण्याचे यंत्र लाकडाच्या डस्ट कलेक्टरला कधीही जोडू नये, जुने लाकूड खिळे तपासूनच कापावे, आणि रात्री पिशवी भरलेली ठेवून कारखाना बंद करू नये. जेथे कामगार पुष्कळ व यंत्रे मोठी आहेत तेथे पी.व्ही.सी.चा विचार सोडून पत्र्याचाच पाइप टाकावा.

शेवटचा पाइप बाहेर जाणारा

आत ओढलेली हवा शेवटी कोठे जाते, हाही पाइपाचाच प्रश्न आहे. स्वस्त डस्ट कलेक्टरची कापडी पिशवी भुसा अडविते, परंतु बारीक धूळ तिच्यातून आरपार जाऊन पुन्हा शेडमध्येच पसरते. मग आधी केलेला सर्व खर्च व्यर्थ. थंड देशांत हिवाळ्यात घर तापवावे लागते. तापविलेली हवा बाहेर घालविणे तेथे परवडत नाही, म्हणून तेथील लोक भारी किमतीचे फिल्टर लावतात. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी ही अडचण नाही. भुसा वेगळा करणारे सायक्लोन किंवा ड्रम वाटेत ठेवून उरलेली हवा त्याच मापाच्या पाइपाने शेडबाहेर सोडता येते. मात्र ती शेजाऱ्याच्या खिडकीवर, पाणवठ्यावर किंवा मुले खेळतात तेथे जाऊ नये. स्वतःच्या घरातील धूळ दुसऱ्याच्या घरात ढकलणे हा उपाय नव्हे. दाट वस्तीत, चाळीत, जेथे बाहेर मोकळी जागा नाही, तेथे चांगल्या फिल्टरवर पैसे खर्च करावेच लागतील. हवा बाहेर सोडताना समोरच्या बाजूची खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे नवी हवा आत येईल.

खरेदीला जाण्यापूर्वी

सभासदांनी दुकानात जाण्यापूर्वी घरी पुढील गोष्टी कागदावर काढाव्यात, अशी आमची सूचना आहे. शेडचा नकाशा मापासह काढावा व त्यावर यंत्रांच्या जागा दाखवाव्यात. सर्वांत जास्त हवा लागणारे यंत्र ठरवावे आणि त्यावरून मुख्य पाइपाचा व्यास काढावा. डस्ट कलेक्टर तेवढी हवा देऊ शकत नसेल, तर पाइप वाढविण्याऐवजी लाइन आखूड करावी. सरळ पाइप किती फूट, पंचेचाळीसचे बेंड किती, वाय किती, याची यादी करावी. एस.डब्ल्यू.आर. पाइप तीन मीटरच्या लांबीतही मिळतो, त्यामुळे जोड कोठे येतील हे आधीच ठरविता येते. करवत आणि डस्ट कलेक्टर दोन्ही एकाच वेळी चालणार असल्याने त्यांना वायरिंग व एम.सी.बी. वेगवेगळे आहेत का, हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे. सिंगल फेजवरील २ हॉर्सपॉवरची एक मोटारसुद्धा सुमारे १० अँपिअर वीज घेते.

लाइन पूर्ण झाल्यावर प्रत्येक जोडाजवळ लोकरीचा धागा धरून पाहावा. तो आत ओढला गेला तर तेथे गळती आहे. उदबत्तीने तपासू नये, कारण शेडमध्ये भुसा असतो. मग अंधार करून, यंत्र चालू ठेवून, टॉर्चचा झोत पात्याजवळून जाऊ द्यावा. झोतात धूळ उसळताना दिसली, तर पाइपाचे तोंड अजून जवळ आणावयास हवे. पाइप उत्तम असला तरी हाताने पॉलिश पेपर मारताना मास्क लावणे सोडू नये, आणि कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसून काढण्याची सवय घरात लावावी.

जो तरुण आज पंचवीस वर्षांचा आहे, त्याला आणखी पस्तीस-चाळीस वर्षे या धंद्यावर संसार चालवावयाचा आहे. पाते बोथट झाले तर धार लावता येते, मोटार जळाली तर गुंडाळून घेता येते. फुप्फुसाची दुरुस्ती करणारा मिस्त्री अद्याप कोठे भेटलेला नाही. ४ इंची पाइपाऐवजी ६ इंची पाइप टाकण्याचा जास्तीचा खर्च एकदाच करावा लागतो, आणि त्याचा लाभ यंत्रावर काम करणाऱ्याला, त्याच्या मदतनिसाला व त्याच घरात राहणाऱ्या लहानथोरांना रोज मिळतो. ज्यांच्या घरी असा कारखाना आहे त्यांनी या सुट्टीत आपली लाइन एकदा मोजून पाहावी. आणि ज्या विद्यार्थ्यांना हे गणित समजले आहे, त्यांनी आपल्या परिसरातील एखाद्या जुन्या कारागिराला ते कागदावर मांडून दाखवावे, ही विनंती.